ज्वारीचे छोटे केक : साच्याऐवजी घरातील वाट्या

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील जत व आटपाडी हे तालुके कमी पावसाचे असून ज्वारी हे तेथील जुने, भरवशाचे पीक आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. तथापि मुलांच्या आवडीचा खाऊ ज्वारीपासून होऊ लागल्यासच तिचा घरातील वापर टिकेल. केकसाठी भट्टी व खास साचे लागतात, या समजुतीने अनेक गृहिणी त्या वाटेस जात नाहीत. ही समजूत दूर करणे अगत्याचे आहे.

वाटीच का ?
गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, त्यामुळे केक फुगून तसाच राहतो. ज्वारीत तो नसतो. म्हणून ज्वारीचा मोठा केक मध्ये खचतो व कच्चा राहतो. लहान वाटीत मात्र पिठाला चहूबाजूंनी आधार मिळतो आणि उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते. कोकणात सांदणे वाट्यांतच उकडतात, हे सर्वांस ठाऊक आहेच.

साहित्य (पाच लहान वाट्यांसाठी)
ज्वारीचे पीठ व कणीक प्रत्येकी अर्धी वाटी, किसलेला गूळ अर्धी वाटी, आंबट दही पाव वाटी, दूध सुमारे अर्धी वाटी, तेल पाव वाटी, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड व थोडे बेदाणे.

कृती
१. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर जाडीचा कोरड्या, स्वच्छ वाळूचा थर द्यावा. त्यावर अडणी व ताटली ठेवावी. झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे.
२. स्टीलच्या वाट्यांना आतून तेल लावून पीठ भुरभुरावे.
३. दोन्ही पिठे, सोडा व मीठ एकत्र चाळावे. गूळ थंड दुधात विरघळवून गाळावा व त्यात दही, तेल आणि वेलदोड्याची पूड मिसळावी.
४. दोन्ही मिश्रणे एकत्र करून बेदाणे घालावेत. दह्याच्या आंबटपणामुळे सोड्यातून लगेच वायू सुटू लागतो. तो निघून गेल्यास केक दडस होतो. यास्तव पीठ भिजवून ठेवू नये.
५. वाट्या दोनतृतीयांश भरून पातेल्यात ठेवाव्यात व मंद आचेवर सुमारे पंचवीस मिनिटे भाजावे. पहिली पंधरा मिनिटे झाकण काढू नये. मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघाल्यास केक झाला असे समजावे.
६. दहा मिनिटे निवल्यावर कडेने सुरी फिरवून वाटी उपडी करावी.

दक्षता
काचेच्या व प्लॅस्टिकच्या वाट्या वापरू नयेत. कल्हईची भांडीही टाळावीत. कोरड्या आचेत कल्हई वितळण्याचा संभव असतो. प्रेशर कुकरची रबरी कडी कोरड्या उष्णतेने खराब होते, म्हणून साधे पातेलेच घ्यावे. केक ओलसर असल्याने दोन दिवसांत संपवावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांच्या बैठकीत हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यासाठी लागणारी भांडी कोणत्याही घरात मिळतील.