राऊटर : घराचा पहारेकरी

अंधेरीतल्या एखाद्या इमारतीचा पहारेकरी आठवा. अनोळखी माणसाला तो आत सोडत नाही. घरातला राऊटरही बाहेरून आपणहून आलेला निरोप अडवतो. पण १९८८ साली सुरू झालेली आयआरसी ही गप्पांची सेवा पाहा. तुमचा संगणक तिच्या ६६६७ क्रमांकाच्या पोर्टकडे निरोप पाठवतो, तेव्हा तिकडचा सर्व्हर तुमच्या ११३ क्रमांकाच्या पोर्टवर ओळख विचारायला येतो! पोर्ट म्हणजे क्रमांक दिलेले दार. म्हणून राऊटरला आधीच सांगून ठेवतात : घरातून कोणी ६६६७ कडे गेले, तर त्याच्यासाठी ११३ उघडायचे. हेच पोर्ट ट्रिगरिंग. ये-जा थांबली, की थोड्या वेळाने दार आपोआप बंद होते. कायम उघड्या दारापेक्षा हे नक्कीच बरे; तरी उघडे असेपर्यंत तेथून कोणीही डोकावू शकतो. शिवाय ते दार एका वेळी एकाच संगणकाला मिळते. तुमच्या भावंडाला तोवर थांबावे लागते.