बुटक्या हॉलीहॉकला उसाच्या सवयी लावू नका



आपल्या भागातल्या वस्त्यांवर फुलझाडं नाहीत असं नाही. तुळशीकट्ट्याशेजारी जास्वंद, पाण्याच्या हौदाजवळ कर्दळ, दसरा-दिवाळीला झेंडू एवढे बहुतेक घरी असतेच. हॉलीहॉक मात्र क्वचित दिसते. ज्यांनी पूर्वी लावून पाहिले त्यांचे म्हणणे एकच, "फूल झकास, पण झाड लोळतं." ते खरे आहे. जुन्या उंच जातीचा दांडा ६ ते ८ फूट सरळ वर चढतो, आणि फुलांनी भरला की वाऱ्याच्या एका झोताला आडसाली उसासारखा आडवा होतो. दर झाडाला काठी रोवून सुतळी बांधत बसायला शेतकऱ्याच्या घरात कोणाला वेळ आहे?

त्यासाठी बुटक्या जाती आहेत. दोन-अडीच फुटांवर थांबतात, दांडा जाड राहतो, काठी सहसा लागत नाही. अमेरिकेत नव्या बियाण्याची चाचणी घेऊन निवड जाहीर करणारी 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स' नावाची संस्था आहे. तिने १९७६ साली 'मेजोरेट' आणि २००४ साली 'क्वीनी पर्पल' या बुटक्या जातींची निवड केली. दोन्हींची फुले भरगच्च पाकळ्यांची. या जातींचा दुसरा गुण आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. थंड मुलखात जुने हॉलीहॉक एका वर्षी पेरतात आणि ते दुसऱ्या वर्षी फुलते, कारण मधली कडक थंडी त्याला लागते. तशी थंडी आपल्याकडे कुठली? म्हणून पेरल्या वर्षीच फुलणारे बियाणे घ्यावे. पाकिटावर उंची आणि 'पहिल्या वर्षी फुलणारे' हे दोन्ही वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत. नुसत्या चित्रावर जाऊ नये, चित्रात सगळीच झाडं सारखी दिसतात.

हॉलीहॉक हे कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंदीच्या कुळातले. हे नाते ध्यानात ठेवले की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात.

पेरणी पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. म्हणजे पूर्वहंगामी उसाची गडबड असते त्याच सुमारास. बी अर्ध्या ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये. आठ-पंधरा दिवसांत उगवते. याचे मूळ सोटमूळ असून ते लवकर खाली उतरते, त्यामुळे मोठे झालेले रोप उपटून दुसरीकडे लावले की रुसून बसते. एक तर जागेवरच पेरावे, नाही तर लहान पिशवीत करून चार-पाच पाने असतानाच मातीच्या गड्ड्यासह लावावे. दोन झाडांत सव्वा ते दीड फूट अंतर हवे. ऊन दिवसातून निदान सहा तास. कोंबड्या वाफा उकरतात आणि शेळीला ही पानं फार आवडतात, तेव्हा पहिले दीड-दोन महिने काटेरी फांदी आडवी टाकलेली बरी.

आता बियाण्याबद्दल, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. उसाचे आपण कांडे लावतो. को ८६०३२ चे बेणे लावले की को ८६०३२ च उगवतो, त्यात फरक पडत नाही. हॉलीहॉक बियांपासून होते आणि मधमाश्या एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेतात. शेजारच्या वस्तीवर उंच जात असेल तर आपल्या बुटक्या झाडाचे बी पुढच्या वर्षी गुडघ्याएवढे राहील की डोक्यावर जाईल, हे सांगता येत नाही. घरचे बी धरायचेच असेल तर आसपास एकच जात असू द्यावी आणि उंच निघालेले झाड फुलण्याआधी काढून टाकावे. आणखी एक. रोपवाटिकेत कुंडीतले ठेंगणे, फुलांनी लगडलेले झाड मिळते. काही ठिकाणी झाड ठेंगणे राहावे म्हणून वाढ रोखणारे औषध दिलेले असते. असल्या झाडाचा बुटकेपणा औषधाचा, जातीचा नव्हे, तो बियांत उतरत नाही. विकत घेताना जातीचे नाव विचारावे. नाव सांगता आले नाही तर या वर्षीपुरती शोभा समजून घ्यावे.

जात बुटकी निवडली तरी उसाच्या सवयीने वागवली तर उपयोग नाही. आपल्या हाताला पाटाचे पाणी आणि युरियाची मूठ या दोन गोष्टी पाठ झालेल्या. हॉलीहॉकला दोन्ही जादा झाल्या तर बुटकी जातही लांब, लुसलुशीत, पोकळ होते, पाने सुपाएवढी वाढतात आणि फुले थोडी. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले की मूळ कुजते. म्हणून कडेचा वाफा सहा इंच उंच करून घ्यावा, लावताना चांगले कुजलेले शेणखत एकदाच द्यावे, आणि वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी घालावे. पाणी बुडाशी, सकाळी. पानांवर झारीने शिंतोडे उडवू नयेत. कारखान्याचे प्रेसमड खत म्हणून उत्तम, परंतु ताजे नको. ते कुजताना तापते व कोवळी मुळे भाजून निघतात, चार-सहा महिने खड्ड्यात मुरू द्यावे. बगॅसची राख फुकट मिळते म्हणून कुंडीत ओतणारेही आहेत. आपल्या जमिनी मुळातच चुनखडीच्या, त्यात राखेची भर कशाला?

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती तणनाशकाची. उसात रुंद पानाच्या तणासाठी आपण २,४-डी मारतो. ऊस गवताच्या जातीचा म्हणून तो तगतो, पण कपाशीच्या कुळाला हे औषध अगदी थोडेही सोसत नाही. तोच पंप पाण्याने विसळून भेंडीवर, फुलांवर वापरला, की पाने अरुंद होऊन पंख्यासारखी चुण्या पडलेली येतात, शेंडा पिळवटतो, कळ्या उमलत नाहीत. पुष्कळ जण याला रोग समजून वरून आणखी औषधे मारत बसतात. पंप विसळला म्हणजे धुतला असे नाही, नळी आणि नोझलमध्ये औषध राहतेच. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर रंगाचा पट्टा ओढून ठेवावा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातून चूक होणार नाही. वारा असताना फवारणी करू नये. आपल्या अंगणातले हॉलीहॉक पिळवटले असेल तर शेजाऱ्याच्या द्राक्षबागेवर किंवा टोमॅटोवर काय गेले असेल, याचाही विचार करावा. बांधावरची किती भांडणे अशा उडालेल्या औषधावरून लागतात!

रोगांत मुख्य तांबेरा. पानाच्या वरून पिवळे ठिपके आणि खालून नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या दिसल्या की तोच. उसाच्या तांबेऱ्याची बुरशी वेगळी, ही वेगळी. तेव्हा हॉलीहॉकमुळे उसाला लागण होईल ही भीती नको. या बुरशीची नोंद प्रथम १८५२ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातल्या झाडांवरून झाली. १८७३ पर्यंत ती इंग्लंडात पोहोचली आणि तिथल्या हॉलीहॉकच्या बागा तिने उजाड केल्या. ती जुन्या पानांवर टिकून राहते. म्हणून बुडाची रोगट पाने वेळच्या वेळी तोडून जाळावीत, उकिरड्यात टाकू नयेत. लागण वाढलीच तर पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे, भर उन्हात मात्र नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. भेंडीचा वाफा शेजारी नको. भेंडीचा केवडा पांढऱ्या माशीबरोबर इकडे येऊ शकतो आणि ठिपक्यांच्या बोंडअळीलाही दोन्ही झाडं सारखीच.

कुंडीत लावायचे तर तोंड आणि खोली दोन्ही १२ इंच असावी आणि एका कुंडीत एकच झाड. गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबाही चालतो, बुडाला पाच-सहा भोके पाडावीत. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. बोअरचे पाणी खारट असेल तर मातीवर पांढरा थर धरतो. अशा ठिकाणी पंधरवड्यातून एकदा, खालून निथळेपर्यंत भरपूर पाणी देऊन क्षार धुऊन काढावेत. शेतात निचऱ्याचे जे काम, तेच इथे लहान प्रमाणावर.

जानेवारीच्या आगेमागे दांड्याच्या बुडाकडून फुले उमलायला लागतात आणि शेंड्याकडे सरकत जातात. वाळलेले फूल लगेच खुडले तर पुढची फुले मोठी येतात. बियांसाठी एक-दोन निवडक दांडे सोडावेत. चकतीसारखी बोंडे तपकिरी होऊन सुटू लागली की बी काढून सावलीत वाळवावे आणि कागदी पुडीत, वर जात व साल लिहून ठेवावे. एप्रिलमध्ये ऊन तापले की झाडे उपटून पानांसकट जाळावीत, आणि त्या कुंडीत पुढे भेंडी न लावता मेथी किंवा कोथिंबीर टाकावी.