आरसा उचलल्यानंतर

किकवीसारख्या पुणें-सातारा मार्गावरील गांवीं लग्नाचा मंडप घातलेला आहे, अशी कल्पना करावी. मंगलाष्टकें संपतात, अंतरपाट दूर होतो आणि हार पडतात. हा क्षण पुन्हां घेतां येत नाहीं. आणि नेमक्या त्याच वेळीं डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यानें घेतलेल्या व्हिडिओंत वधूचा चेहरा धूसर, मागचा पडदा मात्र लख्ख! असें कां व्हावें?

याचें मूळ कॅमेऱ्यांतील आरशांत आहे. साधें छायाचित्र घेण्यापूर्वीं भिंगांतून आलेल्या प्रकाशाचा कांहीं भाग या आरशामार्फत तळाच्या फोकस-संवेदकाकडे जातो. भिंगाच्या दोन बाजूंनीं आलेल्या प्रतिमा तेथें ताडून पाहिल्या जातात. भिंग कोणत्या दिशेस व किती सरकवावें, हें तत्काळ कळतें. व्हिडिओ घेतांना आरसा वर उचललेला राहतो, आणि हा संवेदक आंधळा होतो. मग कॅमेरा मुख्य संवेदकावरील चित्राचा रेखीवपणा पाहूं लागतो. भिंग थोडें पुढें, थोडें मागें, असें चांचपत तो रेखीवपणाचें शिखर शोधतो. पण शिखर ओलांडून उतार लागल्यावांचून तें शिखर होतें हें त्यास उमगत नाहीं. ही चांचपणी चित्रांत जशीच्या तशी उमटते.

व्हिडिओ घेणारा पहिला एसएलआर म्हणजे २००८ सालचा निकॉन डी-९०. त्यांत चित्रण चालूं असतां स्वयंफोकस नव्हताच. २०१३ सालीं कॅननच्या ७०-डी मध्यें मुख्य संवेदकाचे बिंदुच दुभागले गेले, ताडणी तेथेंच होऊं लागली, आणि चांचपणी पुष्कळ कमी झाली.

वधू मंडपांत चालत येत असतां चेहरा ओळखून पाठलाग करणारा सततचा फोकस अशा कॅमेऱ्यांत उत्तम. जुन्या कॅमेऱ्यांत मात्र एकदांच फोकस साधून तो तसाच ठेवणें बरें. भिंगाच्या मोटारीची कुरकुरहि ध्वनिमुद्रणांत शिरते; सनईखालीं ती झांकते, मंगलाष्टकांमधल्या शांततेंत नाहीं.

अंतरपाटापुढें मात्र नवा कॅमेराहि फसूं शकतो. वराच्या खांद्यामागून पाहतां त्यास जवळचें कापडच दिसतें. तें खालीं येतांच तो नवें लक्ष्य शोधूं लागतो. तेथें हाताचाच फोकस खरा. सिनेमांत टेपनें अंतर मोजून फोकस सांभाळणारा स्वतंत्र माणूस असतो, तो उगाच नव्हे. वधू पाटावर उभी असल्यानें अंतर फारसें बदलत नाहीं. अंतरपाट धरण्यापूर्वींच तिच्या चेहऱ्यावर फोकस बसवावा, भिंगावरील खटका हाताच्या फोकसकडे करावा, आणि उजेड पुरेसा असल्यास छिद्र एफ-८ पर्यंत लहान करावें. म्हणजे हार घालतांना ती किंचित् पुढें झुकली तरी चेहरा रेखीव राहतो.