न लावलेला गंधार

तंबोऱ्याला तारा चारच. पहिली पंचमाची, मधल्या जोडीच्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. गंधाराची तार नाहीच. तरीही तंबोरा नीट जुळला की गंधार ऐकू येतो. गवई त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात.

हा गंधार खर्जाच्या पोटातच असतो. छेडलेली तार सबंध तर हलतेच, शिवाय त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच भागांतही हलते. त्या भागांतून उमटणारे स्वर म्हणजे उपस्वर. खर्जाची कंपनं सेकंदाला 70 धरली, तर चौथा उपस्वर 280चा, म्हणजे दोन सप्तकं वरचा षड्ज, पाचवा 350चा. 280 ते 350 हे 4:5चं अंतर म्हणजेच षड्ज ते शुद्ध गंधार.

उपस्वर गिटारच्या तारेतही असतात, पण तिथे तार अरुंद पट्टीवर टेकलेली असते आणि वरचे उपस्वर लवकर विरतात. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, रुंद, तिची पाठ किंचित उतरती. हलणारी तार त्या उतारावर सतत टेकते आणि सुटते. त्यात वरच्या उपस्वरांना पुन्हा पुन्हा जोर मिळतो. हीच जवारी. तारेखाली घोडीवर सुताचा दोरा सरकवलेला असतो. तो केसभर हलला तरी आवाज बद्द होतो. जागेवर आला की झणकार खुलतो. तारेचं कंपन घोडीतून तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीत, उतरतं आणि तबली भोपळ्यातली हवा घुमवते.

पाश्चात्त्य भौतिकशास्त्राचा नियम असा, की तार मधोमध छेडली तर दुसरा, चौथा असे सम उपस्वर उमटायला नकोत, कारण त्या बिंदूपाशी ते स्थिर असतात. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, आणि ती करामत घोडीची आहे, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 साली मांडलं.

रामन यांच्या कितीतरी आधीपासून मिरजेचे शिकलगार घोडीची ही पाठ घडवत आले आहेत. मूळचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी काढण्याची रीत मात्र तीच: घोडीवर कानशीचा एक हलका हात, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एक हात. कुठे थांबायचं ते कान सांगतो. एक हात जास्त पडला, तर घासलेलं परत भरता येत नाही.