विश्वाचं वय वाढतं, तसा आकार किती वाढतो?

विश्वाचं वय आज सुमारे १३.८ अब्ज वर्षं आहे. मग निम्म्या वयाचं असताना ते आकारानेही निम्मं होतं का? नाही. निम्मा आकार त्याने त्याआधीच, सहा अब्ज वर्षं पूर्ण होण्यापूर्वीच गाठला होता. वय आणि आकार यांचं गणित सरळ चालत नाही. ते कसं चालतं, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी, आकार म्हणजे काय? संपूर्ण विश्व अनंतही असू शकेल, म्हणून इथे लांबीऐवजी प्रमाण मोजतात. दोन दूरच्या दीर्घिकांमधलं आजचं अंतर १ धरायचं. ते ०.५ होतं, तेव्हा विश्व निम्म्या आकाराचं होतं. दीर्घिका स्वतः फुगत नाहीत. त्यांच्यामधला अवकाश ताणला जातो.

हे प्रमाण आपल्याला प्रकाशच सांगतो. अवकाश जितक्या पटीने ताणला जातो, तितक्याच पटीने त्यातून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते. हायड्रोजनची एक ठळक वर्णरेषा १२१.६ नॅनोमीटरवर असते. एखाद्या दीर्घिकेच्या वर्णपटात तीच रेषा ४६२ नॅनोमीटरवर दिसली, तर तो प्रकाश निघाल्यापासून विश्व ३.८ पट मोठं झालं आहे.

आता वाढीचा वेग. १९२२ साली रशियन गणितज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून प्रसरणाची समीकरणं काढली. प्रसरणाचा दर विश्वात काय आणि किती दाट भरलं आहे यावर अवलंबून असतो, हे त्यांचं सार. विश्व दुप्पट झालं की द्रव्याची घनता एक-अष्टमांश होते, कारण घनफळ आठपट वाढतं. प्रारणाची घनता एक-षोडशांश होते, कारण तरंगलांबी वाढल्याने प्रत्येक फोटॉनची ऊर्जाही निम्मी होते. प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्ण ऊर्जेची घनता मात्र, आजच्या प्रचलित प्रतिमानानुसार, बदलत नाही.

म्हणून विश्वाच्या आयुष्यात तीन कालखंड येतात. सुमारे पहिली ५० हजार वर्षं प्रारणाचं वर्चस्व होतं. तेव्हा वय चौपट झालं की आकार दुप्पट होई. प्रारण विरळ झाल्यावर द्रव्याची पाळी आली. आता वय आठपट झालं की आकार चौपट होऊ लागला.

हा नियम पडताळून पाहू. विश्व २९ कोटी वर्षांचं असताना त्याचा आकार आजच्या सुमारे एक-पंधरांश होता. जेम्स वेब दुर्बिणीने त्या काळातली दीर्घिका टिपली आहे. २.३ अब्ज वर्षांपर्यंत वय आठपट झालं आणि आकार चौपट होऊन आजच्या १/३.८ झाला. नियम चोख लागू पडला. तिथून आजवर वय सहापट झालं. त्याच नियमाने आकार ३.३ पट व्हायला हवा होता, झाला ३.८ पट.

हा जादा विस्तार कृष्ण ऊर्जेचा; तिसरा कालखंड तिचाच. द्रव्य विरळ होत गेलं, ती तशीच राहिली आणि सुमारे सहा अब्ज वर्षांपूर्वी मंदावत चाललेलं प्रसरण पुन्हा वेग घेऊ लागलं. १९९८ साली दूरच्या सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून हे उघड झालं. त्यासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना २०११ चं नोबेल मिळालं.

कृष्ण ऊर्जेची घनता खरंच कायम राहिली, तर आणखी सुमारे ११ अब्ज वर्षांनी विश्व आजच्या दुप्पट होईल आणि पुढे साधारण दर १२ अब्ज वर्षांनी दुप्पट होत राहील. ती बदलत असेल, तर हे आकडेही बदलतील. म्हणूनच आज मोठमोठी सर्वेक्षणं लाखो दीर्घिकांची अंतरं मोजत आहेत. कोणत्या वयात विश्व केवढं होतं हे जितकं नेमकं कळेल, तितकंच ते कशाचं बनलं आहे हेही नेमकं कळेल.