शिक्षेच्या आदेशावर पडदा कशासाठी?

केंद्र सरकारच्या एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बडतर्फ केले जाते, तेव्हा तो आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतो. तरीही त्या आदेशाची प्रत कोणा नागरिकाने मागितली, तर ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर त्याला बहुधा मिळते.

या उत्तराचा आधार आहे गिरीश रामचंद्र देशपांडे खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०१२ चा निकाल. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याविषयीची माहिती अर्जदाराने मागितली होती. ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा, ठपका वा शिक्षेचे आदेश या साऱ्या बाबी कर्मचारी आणि नियोक्ता यांच्यातील आहेत, असे न्यायालयाने ठरवले. व्यापक जनहित सिद्ध झाले तरच त्या उघड करता येतील, असेही म्हटले. पुढे २०१९ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानेही शिस्तभंगाच्या कारवाईला वैयक्तिक माहितीच मानले, पण जनहिताची वाट मोकळी ठेवली.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे)ला एक परंतुक होते: जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. माझ्या मते संपूर्ण कायद्याचा आत्मा या एका वाक्यात होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ते वगळले आणि त्याबरोबर या उपकलमातील जनहिताची अटही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. आता तिथे उरले आहेत ते एवढेच: ‘वैयक्तिक माहिती’.

कलम ८(२) शाबूत आहे, जनहित वरचढ ठरल्यास माहिती देता येते, असे सरकार म्हणते. ते खरे आहे. पण तिथला शब्द ‘देता येईल’ असा आहे, ‘द्यावी’ असा नाही. ज्याने कचेरीत आयुष्य काढले त्याला या दोन शब्दांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. जन माहिती अधिकारी हा बहुधा मधल्या फळीतला माणूस. ज्याच्या शिक्षेची प्रत मागितली जाते, तो उद्या त्याचाच वरिष्ठ होऊन येऊ शकतो.

दुसरी बाजू मी हलकी मानत नाही. चौकशी अधिकारी म्हणून काम करताना निव्वळ आकसातून झालेल्या तक्रारी मी पुष्कळ पाहिल्या. बदली झालेला कारकून, निविदा हुकलेला कंत्राटदार, भाऊबंदकीतला शेजारी, सगळेच निनावी पत्रे लिहितात. आरोपाच्या प्रसिद्धीची किंमत इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळी सांगायला नको. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ मध्ये भर सभागृहात, तिकिटे काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर सुरू झाला. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला तेव्हा त्याची संपत्ती खटल्याने खाल्ली होती. जानेवारी २००० मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी, ज्यांच्यावर खटला भरण्याची वा मोठ्या शिक्षेसाठी कारवाईची शिफारस झाली होती अशा सनदी आणि पोलीस अधिकाऱ्यांची नावे संकेतस्थळावर टाकली. त्यांचा हेतू निर्मळ होता, पण शिफारस म्हणजे निष्कर्ष नव्हे, हा त्यावरचा आक्षेप मला आजही पटतो.

मात्र हा आक्षेप अंतिम आदेशाला लागू पडत नाही. तोवर दोषारोपपत्र दिलेले असते, साक्षी-उलटतपासणी झालेली असते, बचाव ऐकलेला असतो. घटनेच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण त्यासाठीच आहे.

शिवाय ही गुप्तता फार विचित्र पद्धतीने वाटली जाते. शिक्षा झालेला अधिकारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेला, की निकालपत्रात त्याचे नाव, आरोप, शिक्षा सारे येते आणि ते कोणीही वाचू शकतो. पडदा राहतो तो आव्हान न देणाऱ्यांवर. म्हणजे ज्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटते तो उघडा पडतो आणि लाखोंच्या अपहारात नुसत्या ठपक्यावर सुटलेला, तो निमूटपणे पत्करणारा, झाकला जातो. एकाच स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी एका खात्यात एक वेतनवाढ रोखली जाते, दुसऱ्यात सक्तीची सेवानिवृत्ती मिळते. ही तुलना करणार कोण आणि कशाच्या आधारे? चौकशीतून निर्दोष सुटलेल्याचीही कोंडी होते. त्याच्या मुक्ततेचा आदेश फायलीत राहतो, कुजबुज मात्र गावभर फिरते.

लोकसेवा आयोगाचा सल्ला शासनाने डावलला, तर अनुच्छेद ३२३ नुसार त्याची कारणे संसदेपुढे ठेवावी लागतात आणि शिस्तभंगाची प्रकरणे आयोगाच्या सल्ल्याच्या कक्षेत येतात. वगळलेले परंतुक नेमके या धाग्याला धरून होते.

ते परत येईल तेव्हा येवो. कार्मिक विभागाला तोवर थांबण्याचे कारण नाही. कलम ८(२) खाली एक परिपत्रक पुरेल: अपिलाची मुदत संपली वा अपील निकाली निघाले, की आरोप, निष्कर्ष आणि शिक्षा सांगणारा अंतिम आदेश मागणाऱ्याला द्यावा, प्रकृती, कुटुंब, तक्रारदार आणि साक्षीदार यांचा तपशील काळा करावा, चौकशी चालू असलेल्या फायलीला हात लावू नये. मोठ्या शिक्षांपासून सुरुवात केली तरी चालेल.