सिगिस्मोंदो मालातेस्ता : आरोप ढीगभर, पुरावे किती?

इटलीतल्या रिमिनी शहराचा सत्ताधीश सिगिस्मोंदो मालातेस्ता (१४१७–१४६८) याचा विषय निघाला की एक कहाणी हमखास ऐकवली जाते. त्याने पहिल्या बायकोला विष घातलं, दुसरीचा गळा आवळला, आणि पापाचा घडा भरल्यावर पोपने त्याला जिवंतपणीच नरकात धाडलं. कहाणी चटकदार आहे, म्हणून ती पुस्तकातून पुस्तकात जाते. याकोब बुर्कहार्टसारख्या नावाजलेल्या इतिहासकाराने १८६० मध्ये अधार्मिकपणा आणि सुसंस्कृतपणा एकाच माणसात कसे नांदू शकतात, याचा नमुना म्हणून याच मालातेस्ताकडे बोट दाखवलं. त्यानंतर तर या कहाणीला विद्वत्तेचा शिक्काच मिळाला. हे सगळं सांगितलं कोणी आणि कधी, हा साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

आधी खुनांचं पाहू. पहिली पत्नी जिनेव्रा ही फेराराच्या एस्ते घराण्यातली. ती १४४० मध्ये वारली. दुसरी पोलिसेना ही सेनापती फ्रांचेस्को स्फोर्त्साची मुलगी. ती १४४९ मध्ये, प्लेगच्या दिवसांत गेली. दोन्ही मृत्यू अकाली होते, आणि त्या काळात राजघराण्यातल्या अकाली मृत्यूमागे विषाची कुजबुज ठरलेलीच. पण कुजबुज म्हणजे पुरावा नव्हे. सत्ताधीशाने बायकोला ठार केल्याची बातमी दडून राहत असे म्हणावं, तर खुद्द जिनेव्राच्या माहेरचंच उदाहरण समोर आहे. तिचे वडील निक्कोलो तिसरे यांनी १४२५ मध्ये तिच्या आईचा, पारिसिनाचा, शिरच्छेद करवला. ती बातमी तेव्हाच सर्वतोमुखी झाली. पोलिसेनाच्या बाबतीत तर वडील गप्प बसण्याचं कारणच नव्हतं. १४४५ मध्ये पेसारो शहर मालातेस्ता घराण्याच्या हातून निसटून स्फोर्त्साच्या भावाकडे गेलं, तेव्हापासून सासरा-जावयाचं वैर उघड होतं. १४५० मध्ये स्फोर्त्सा मिलानचा ड्यूक झाला. जावयाची भीड बाळगण्याची त्याला काडीचीही गरज उरली नाही. तरीही या आरोपाने जोर धरला तो दहा-बारा वर्षांनी, पोपशी युद्ध पेटल्यावर.

तो पोप म्हणजे दुसरा पायस. १४६१ च्या जानेवारीत रोममध्ये पोपच्या वकिलाने मालातेस्ताविरुद्ध गुन्ह्यांची लांबलचक जंत्री वाचली : खून, बलात्कार, व्यभिचार, नास्तिकता, काहीही बाकी ठेवलं नाही. १४६२ च्या वसंतात त्याला जिवंतपणीच नरकवासी ठरवून त्याचे पुतळे जाळण्यात आले. पुतळा हुबेहूब होता आणि त्याच्या तोंडातून निघालेल्या पट्टीवर तो विश्वासघातक्यांचा राजा असल्याचं लिहिलं होतं, हे पायसने आपल्या आठवणींत स्वतःच, मोठ्या समाधानाने नोंदवलं आहे. आता या पायसचे हितसंबंध पाहा. रिमिनी हे कागदोपत्री पोपच्या मालकीचं. मालातेस्ता तिथला नेमलेला प्रतिनिधी, दरवर्षी ठरलेली रक्कम भरण्यास बांधलेला. त्याचा मुलूख परत घेणं हा पायसच्या राजकारणाचा भाग होता. शिवाय पायस सिएनाच्या मुलखातला, तिथला बिशप राहिलेला, आणि १४५४ मध्ये सिएनाच्या पगारावर असताना मालातेस्ताने दगा दिल्याचा त्या शहराचा ठाम समज होता. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच. वर निकालाचा फायदाही त्याच्याच पक्षाला. असा खटला आज कुठल्या कोर्टात टिकेल?

आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं यावर म्हटलं जातं. आग होतीच, फक्त वेगळ्या ठिकाणी. मालातेस्ता हा भाडोत्री सेनापती होता आणि करार मोडण्यात तरबेज होता. १४४७ मध्ये नेपल्सच्या आल्फोन्सो राजाचे पैसे घेऊन तो त्याच्या शत्रूला, फ्लॉरेन्सला, जाऊन मिळाला. याला भक्कम पुरावा आहे, आणि आल्फोन्सोचा राग इतका टिकला की पुढे इटलीतल्या मोठ्या सत्तांनी आपसात शांततेचा संघ केला, तेव्हा मालातेस्ताला त्याच्या संरक्षणाबाहेर ठेवण्याची अट त्याने घातली. म्हणजे त्याला धुतल्या तांदळासारखा ठरवण्याचा इथे प्रश्नच नाही. दगाबाजीचा पुरावा मात्र खुनाला लागू पडत नाही, एवढंच. गंमत म्हणजे त्याला इतिहास-तत्त्वज्ञानाची चांगली जाण होती, हे पायसलाही लपवता आलं नाही. सिएनाने १४५४ मध्ये जप्त केलेल्या त्याच्या टपालात काय सापडलं? रिमिनीतल्या त्याच्या चर्चच्या बांधकामाचे तपशील, घरगुती निरोप आणि लहानग्या मुलाने तट्टू दिल्याबद्दल बापाला लिहिलेलं आभाराचं पत्र. प्रेमळ बापही खुनी असू शकतो, हे मान्य. पण पोपने रंगवलेल्या राक्षसाची ही डाक नव्हे.

आता किरकोळ गैरसमज. ‘तेंपियो मालातेस्तियानो’ हे त्याने प्रेयसी इसोत्तासाठी बांधलेलं मूर्तिपूजकांचं देऊळ नव्हे. ते फ्रान्सिस्कन चर्च होतं, त्याला वास्तुविशारद अल्बेर्तीने नवं रूप दिलं, आणि आज ते रिमिनीचं कॅथेड्रल आहे. भिंतींवरची ‘एस-आय’ ही अक्षरं सिगिस्मोंदो आणि इसोत्ता यांचीच असली पाहिजेत असं नाही. ती त्याच्या एकट्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं आहेत, असं अनेक अभ्यासक मानतात. दान्तेच्या काव्यातली पाओलो-फ्रान्चेस्का या प्रेमिकांची शोकांतिका याच घराण्यातली असली, तरी सिगिस्मोंदोच्या जन्माच्या शंभराहून अधिक वर्षं आधीची. आणि पोपचा शाप त्याला आयुष्यभर चिकटून राहिला, हेही खोटं : १४६३ मध्ये शरण आल्यावर त्याला माफी मिळाली, मुलूख बहुतेक गेला, रिमिनी उरलं. पुढे व्हेनिसच्या वतीने तो ग्रीसमध्ये तुर्कांशी लढला, आणि १४६६ मध्ये नव्या पोपने, दुसऱ्या पॉलने, त्याला मानाचा सोनेरी गुलाब दिला.

चार वर्षांपूर्वी ज्याची जागा नरकात ठरली होती, त्याचा असा गौरव होतो तेव्हा त्याच्या पापांचं वजन बदललेलं नसतं; बदललेली असते फक्त पोपची गरज. जिनेव्रा आणि पोलिसेना यांच्या मृत्यूबद्दल बोलताना हे राजकारण बाजूला ठेवून पुरावा मागावा. तो नसेल तर ‘आरोप होता’ इथेच थांबावं.